जहांगीरभाईच्या पेशी

९ ऑगस्ट २००४, कामथडी

समितीची परवानगी आली. दहा पेशंटांवर लस वापरून बघा म्हणतात. दोन वर्षं ज्याच्यासाठी पुण्या-मुंबईचे उंबरे झिजवले, ते पत्र पोस्टमननं खाली गॅरेजमध्ये दिलं आणि भाईनं ग्रीसच्या हातांनी फोडून वर आणलं. कोपऱ्यावर त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटलाय. प्रशिक, माझा लॅबमधला एकुलता एक माणूस, म्हणाला, मॅडम, फाइलला स्वच्छ झेरॉक्स लावू का? म्हटलं, राहू दे.

हायवेवर टेम्पो दुरुस्तीचं गॅरेज आणि त्याच्या माडीवर कर्करोगाची लस, हे ऐकून संस्थेतले माझे जुने सहकारी हसतात. हसू देत. हा हॉल भाईनं स्पेअर पार्ट ठेवायला बांधला होता. मी नोकरी सोडून कंपनी काढते म्हटल्यावर त्यानं एक प्रश्न विचारला नाही, टायर खाली हलवले आणि फरशी बसवून दिली. चौपदरीकरणाची धूळ माझ्या फिल्टरमध्ये मूठ-मूठ सापडते. जनरेटर रुसला की भाईशिवाय कुणाचं ऐकत नाही.

खाली चहा पिणाऱ्या ड्रायव्हर लोकांना तो माझं काम समजावत असतो. आज जिन्यात उभी राहून ऐकलं. "बगा, अंगात पहारेकरी असत्यात. पर गाठ पडली घरातलीच, म्हून त्ये तिला सोडून देत्यात. माजी भन काय करती, रगतातनं त्यातले हुशार काडती, त्या गाठीचाच तुकडा त्यांना हुंगाया देती, आन परत अंगात सोडती." वीस वर्षं मी हे शिकवतेय, माझ्या एकाही स्लाइडमध्ये इतकं सरळ आलेलं नाही. थोडं चिडायलाच झालं.

भाईचा पट्टा दोन भोकं आत गेलाय. म्हटलं, रमजानला अजून वेळ आहे, आत्तापासून कसला सराव चाललाय? नुसता हसला.

३ सप्टेंबर

भाईच्या लघवीतून रक्त जातंय. महिना तरी झाला असेल. कुणाला बोलला नाही. भाबीला कपडे धुताना दिसलं म्हणून तिनं मला फोन केला. आज पुण्याला नेऊन सोनोग्राफी केली. उजव्या किडनीत गाठ आहे, चांगल्या मोठ्या पेरूएवढी. फुप्फुसाच्या फोटोत दोन बारीक ठिपके.

परत येताना सगळा वेळ मीच बोलत होते. काय बोलत होते आठवत नाही.

मनात काय आलं ते इथं लिहिते, दुसरीकडं कुठं लिहिणार. आधी भीती वाटली. मग वाटलं, किडनीचा कर्करोग आपल्या परवानगीत बसतो. सगळ्या कर्करोगांत शरीराच्या पहारेकऱ्यांना जरा तरी बधणारा हाच. भाईची गाठ हातात आली की त्याच्याच गाठीची, त्याच्याच पेशींतून लस करता येईल. हा विचार आला आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज वाटली. ती काही फार वेळ टिकली नाही.

८ सप्टेंबर, भोर

ऑपरेशन मंगळवारी. किडनी पूर्ण काढायची. सर्जन भला माणूस आहे, माझं सगळं ऐकून घेतलं. गाठीचा एक भाग फॉर्मलिनच्या बाटलीत, तपासणीसाठी. दुसरा ताजा तुकडा पेशी जिवंत ठेवणाऱ्या माझ्या गुलाबी द्रवाच्या बाटलीत, बर्फात. तेवढ्या तुकड्यावर सगळं उभं आहे. तो मिळाला तर भाईला संधी आहे. नाहीतर ठिपके त्यांच्या गतीनं वाढणार आणि मी त्यांचे फोटो काढत बसणार.

आज घरी सगळे जमलो. अम्मा, भाबी, धाकटा मुजफ्फर त्याचं सायकलचं दुकान बंद करून आलेला. मी गाठ, ठिपके, लस असं सगळं सांगितलं. अम्मानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की काढलेली किडनी कुठं जाते.

आमच्यात अंगाचं जे सुटतं ते मातीत जातं, कचऱ्यात नाही. अब्बांची दोन बोटं लाकडाच्या वखारीत मशीनमध्ये गेली तेव्हा अम्मानं ती पांढऱ्या कापडात बांधून कब्रस्तानात पाठवली होती, मला आठवतं. पुढं अब्बा गेले तेव्हा तिथंच शेजारी त्यांची जागा केली. अम्मा म्हणाली, "मानूस वर पुरा जाया पायजे. तुमचं काय उरंल ते मला द्या, कापडात बांदून."

मी म्हटलं, अम्मा, बघू आपण. तिला सगळं समजावत बसायला मला वेळ नव्हता आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता. भाई म्हणाला, "तू काळजी करू नगं अम्मा, म्या बगतो." विषय संपला. मुजफ्फरनं सगळ्यांसाठी आइस्क्रीम आणलं होतं, ते वितळायच्या आत खाल्लं.

१४ सप्टेंबर, पुणे

उशीर झालाय. तरी लिहिते.

सकाळी कामथडीची वीज गेली आणि जनरेटर सुरू होईना. इनक्युबेटरमध्ये पारूबाईच्या पेशी होत्या. पारूबाई ही आमची पहिली पेशंट, वेल्ह्याच्या पलीकडची भाताची शेतकरीण. टाचेवर काळी गाठ, छातीत पसरलेली. उष्णता उतरली असती तर तिची लस गेली असती. जनरेटर एरवी भाई चालू करतो आणि भाई ऑपरेशनच्या टेबलावर. शेजारच्या गॅरेजचा मिस्त्री बोलावून आणेपर्यंत दुपार झाली. मुजफ्फरला फोन करून बजावलं की दोन बाटल्या देतील, एक समोरच्या लॅबमध्ये दे, गुलाबी माझ्यासाठी बर्फात ठेव, मी निघालेच.

तिथली पद्धत अशी आहे की गाठ काढली की सर्जन ती ट्रेमध्ये घेऊन दारात येतात, नातेवाइकांना दाखवतात आणि मग नर्स बाटल्या नातेवाइकाच्याच हातात देते, पोचवा म्हणून. बाकीचं हॉस्पिटलच जाळून टाकतं.

मी पोचले तर भाबी एकटी बाकावर. ऑपरेशन चांगलं झालं होतं. मुजफ्फर नव्हता. संध्याकाळी आला, बर्फाचा डबा हातात, रिकामा. चपलांना लाल माती.

फॉर्मलिनची बाटली त्यानं लॅबमध्ये दिली होती. गुलाबी बाटली घेऊन एसटीनं भोरला गेला, तुकडा अम्मानं कापडात बांधला आणि यानं तो अब्बांच्या पायथ्याशी पुरला. मी फोनवर काय सांगितलं होतं, विचारलं. कुणी सांगितलं तुला हे करायला? म्हणाला, "आपा, भाईला इचार."

भूल उतरत असलेल्या माणसाला काय विचारायचं? मी त्या कॉरिडॉरमध्ये इतकी ओरडले की वॉर्डबॉय आला. अडतीस वर्षांचा बाप्या आणि अम्मानं डोळे वटारले की लहान पोरासारखा जाऊन खड्डा खणतो. मी त्याला सांगितलं, भाईला काही झालं तर ते तुझ्यामुळं. हे मी बोलले आणि ते मला परत घ्यायचं नाही.

१५ सप्टेंबर, भोर

पहिल्या एसटीनं भोरला गेले. बायका कब्रस्तानात जात नाहीत. मी गेले. अब्बांच्या पायथ्याशी ताजी माती होती, वर पाण्याचा शिडकावा केलेला, कडेनं बोटानं दाबून नीट गोल केलेली. मुजफ्फरचं कुठलंही काम असं नीटनेटकं असतं.

सप्टेंबरची ओली माती, वर रात्र उलटून गेलेली. तिथं माझ्या कामाचं काही उरलेलं नाही हे मला माहीत होतं. माझ्याइतकं ते भोर तालुक्यात दुसऱ्या कुणाला माहीत नसेल. तरी खाली बसले आणि हातानं वरची माती थोडी बाजूला केली. मग परत लोटली.

घरी अम्मा तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्या विचारलं, मुजफ्फरला का सांगितलंस? तिनं वर पाहिलं. "म्या मुजफ्फरला काय बी सांगितलं न्हाई. म्या जहांगीरला सांगितलं व्हतं."

म्हातारी आता शब्द फिरवते. तिच्याकडून ही अपेक्षा नव्हती. पाणीसुद्धा न घेता निघाले.

१९ सप्टेंबर, पुणे

भाई आज उठून बसला. रंग जरा बरा आहे. भाबी डबा धुवायला गेली तेव्हा हळूच म्हणाला, "खुर्शी, लॅबात दिलेल्या बाटलीतला तुकडा घेतलास न्हवं? त्येनं भागंल तुजं."

त्याला कसं माहीत असणार, म्हणून मी नीट समजावून सांगितलं. एक्स-रेच्या पाकिटावर पेनानं दोन बाटल्या काढल्या. ही फॉर्मलिनची. हिच्यात घातलं की सगळं जिथल्या तिथं गोठतं, लोणच्यात मुरलेल्या कैरीला कोंब फुटत नाहीत तसं. गाठीची खरी ओळख पुसली जाते, पहारेकऱ्यांना हुंगवायला त्यात काही उरत नाही. ही गुलाबी. हिच्यातल्या तुकड्यातूनच तुझी लस झाली असती, दुसऱ्या कशातून नाही, आणि तो तुकडा मुजफ्फरनं मातीत घातला. खाली रेघ मारली. मी विद्यार्थ्यांना शिकवते तेव्हाही इतकं सोपं करत नाही. त्याला कळलंय का, म्हणून विचारलंही. म्हणाला, "व्हय. कळलं."

मग बराच वेळ डोळे मिटून पडला. पापणीतून पाणी आलं. टाके दुखत असणार. मी नर्सला बोलावून इंजेक्शन द्यायला लावलं.

झोप लागायच्या आधी माझा हात धरून म्हणाला, "अम्माला काय बोलू नगं. मुजफ्फरला तर अजाबात न्हाई. पोरगं सांगितल्यालं करतं." म्हटलं, तुझा जीव जातोय आणि तुला त्यांची काळजी. पाकीट त्यानं उशीखाली ठेवून घेतलं.

११ ऑक्टोबर, कामथडी

हातपाय गाळून बसणारी मी नाही. समितीकडं भाईसाठी वेगळी परवानगी मागितली, कालच मिळाली. परदेशातून आणलेल्या, लॅबमध्ये वाढवलेल्या, दुसऱ्याच कुणाच्या किडनीच्या कर्करोगाच्या पेशी माझ्याकडं गोठवलेल्या आहेत. भाईच्या पहारेकऱ्यांना त्याच दाखवायच्या. त्याच्या घरातल्या चोराचा फोटो हरवला म्हणून त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या चोराचा फोटो. चोर एकाच जातीचे असतात, काही तरी खुणा जुळतील. शंभरात पाच म्हणा. रात्री अंथरुणावर पडले की दोन वाटतात.

आज भाईचं रक्त घेतलं. सुई लावताना प्रशिक चाचपडला, त्याला भाईनंच दहावीनंतर खाली गॅरेजमध्ये चिकटवला होता, पुढचं शिक्षणही भाईच्याच ओळखीनं झालं. भाई म्हणाला, "घाल रं बिनघोर. टायरला सुई लावल्यागत घाल."

१८ ऑक्टोबर

सातवा दिवस. पेशींना हात फुटलेत, चहूबाजूंनी बारीक फांद्यांसारखे. नेहमीच फुटतात, मी हजार वेळा पाहिलंय, पण आज भाईला वर बोलावून मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितला. बराच वेळ वाकून पाहत होता. टाक्यावर ताण येईल म्हणून मी ओरडले, तरी उठेना.

"ह्ये म्या?"

म्हटलं, होय, तूच.

"काय हुडकत्यात?"

मी म्हटलं, गाठ. तो म्हणाला, "त्यांना ती घावायची न्हाई, व्हय ना?" मी म्हटलं, असं नाही, बघू. मग त्यानं विचारलं, हे सगळं माझ्या कामाला येईल ना, म्हणजे त्याला गुण आला नाही तरी. माझी ही सगळ्यात मोठी अडचण आहे, माझ्या पेशंटला माझ्यापेक्षा जास्त समजूतदारपणा आहे. त्याला दटावलं की असलं बोलायचं नाही.

लस बारा कुप्यांत भरून नायट्रोजनच्या टाकीत ठेवली. गुरांच्या दवाखान्याला नायट्रोजन पुरवणारी गाडीच आमची टाकी भरते. तिथं वळूंचं बीज, इथं भाई. त्याला हे सांगितल्यावर खूप हसला, टाक्यावर हात धरून.

१५ नोव्हेंबर, भोर

ईद. दुसऱ्या डोसनंतर भाईला ताप भरला. मला मनातून आनंद झाला, ताप म्हणजे आतल्या पेशी जाग्या झाल्या. भाबी कपाळावर पट्ट्या ठेवत होती आणि मी तापाचा आकडा बघून खूश होत होते. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं फक्त.

मुजफ्फर शीरखुर्मा घेऊन आला. मी उठून आत गेले. भाईनं त्याला जवळ बसवून घेतलं आणि दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. मी आल्यावर गप्प झाले. भाईला त्याच्याशी इतकं गोड कसं वागवतं, हे मला कळत नाही. माझ्यानं नाही होणार.

२० डिसेंबर, कामथडी

पारूबाईचा नवा फोटो आला. छातीतल्या गाठी निम्म्या झाल्यात. दोन तर दिसतच नाहीत.

मी तीनदा पाहिलं, नाव तपासलं, तारीख तपासली. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. एका पेशंटानं काही सिद्ध होत नाही, आजार आपला आपणही कधी कधी ओसरतो, हे मी दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर पहिलं वाक्य म्हणून बोलले असते. आज बोलवलं नाही.

पारूबाई मुलाबरोबर आली होती, आंबेमोहोराची पिशवी घेऊन. भाई डोससाठी आलेला, खाली खुर्चीत बसला होता. तिला त्यानं चहा मागवला, तिच्या टाचेची चौकशी केली. ती म्हणाली, "बाईंनी माजी गाठ त्यादिशी बर्फात घालून नेली, म्हून म्या हितं हाय. न्हाईतर डागदर ती टाकूनच देनार व्हते." भाई म्हणाला, "लई चांगलं झालं." त्यानं तिच्यापेक्षा जास्त वेळा तो फोटो उजेडाला धरून पाहिला. मग हायवेच्या कडेला जाऊन उभा राहिला, पाठ आमच्याकडं करून. चहा तसाच राहिला. मी बोलवायला गेले तर म्हणाला, धूळ गेली डोळ्यात. चौपदरीकरणाला शिव्या घालत दोघं परत आलो.

२४ जानेवारी २००५

भाईचे ठिपके आता ठिपके राहिलेले नाहीत. यकृतातही आहे.

आज भाबी एकटी आली, मला न सांगता. उभ्यानंच बोलली. "खुर्शिदाबाई, हितनं सुई घिऊन गेलं की दोन दिस उठत न्हाईत. वकारी येत्यात. पर तुमचा फोन आला की दाढी करत्यात, शर्ट घालत्यात. म्हनत्यात, खुर्शी वाट बगत असंल. आता नगं म्हना त्यांना, तुमीच. माजं ऐकत न्हाईत."

भाबीचं मी समजू शकते, तिला विज्ञान माहीत नाही. भाईला स्वतःला हवी आहे लस. मी संध्याकाळी त्याला सरळ विचारलं की थांबायचं का. म्हणाला, "तुला थांबायचंय का?" मी म्हटलं, मला नाही. म्हणाला, "मग देत ऱ्हा." आता यात मी काय करायचं?

९ फेब्रुवारी

आज त्याला जिना चढता आला नाही. मी खाली गॅरेजमध्ये, टेम्पोच्या सीटवर बसवून डोस दिला. दंडाला मांस नाही, कातडी चिमटीत धरावी लागली. सुई काढल्यावर त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. असं त्यानं मी शाळेत होते त्यानंतर कधी केलं नव्हतं. त्याला वेदनेत भान राहत नसावं.

२७ फेब्रुवारी, भोर

सकाळी भाई गेला.

२८ फेब्रुवारी

त्याला नेलं तेव्हा बायका दारात थांबल्या. अम्मा रडली नाही. गल्लीच्या टोकापर्यंत बघत राहिली आणि मग मला म्हणाली, आत ये, ऊन लागतंय.

रिकाम्या घरात सगळीकडं लोबानाचा वास. मी भिंतीला टेकून बसले आणि मनात एकच वाक्य फिरत होतं, तो तुकडा असता तर. पारूबाई आज सकाळी स्वतःच्या पायांनी चालत बांधावर गेली असेल. मुजफ्फर मातीच्या हातांनी परत आला, दारातच थांबला, माझ्याकडं पाहिलं. मी तोंड फिरवलं.

८ एप्रिल, भोर

चाळिसावा. पंगत उठल्यावर अम्मा माझ्याजवळ येऊन बसली. आवाज खाली करून विचारलं, "खुर्शी, त्येचं काय ऱ्हायलंय का तुज्याकडं?"

बारापैकी दोन कुप्या टाकीत आहेत. त्यांत त्याच्या पेशी आहेत, गोठलेल्या, पण मेलेल्या नाहीत. कोमट पाण्यात धरल्या तर तासाभरात हात बाहेर काढतील आणि शोधायला लागतील. पेशंट गेला की उरलेलं नष्ट करायचं, हा नियम मीच लिहिलाय. प्रशिकनं दोनदा विचारलं, मॅडम, काय करायचं? मी म्हटलं, अभ्यासासाठी राहू देत. त्यानं पुढं विचारलं नाही.

अम्माला म्हटलं, नाही, काही नाही राहिलं.

१० एप्रिल, कामथडी

गॅरेजचं सामान हलवायला मुजफ्फर आला होता. सप्टेंबरपासून तो हा जिना चढलेला नव्हता. आज चढला. मी टाकीतली पातळी बघत होते, मागं वळले नाही.

म्हणाला, "आपा, भाईनं शपत घातली व्हती म्हून गप ऱ्हायलो. चाळिसावा झाला, आता सांगतो. आपरेशनला आत नेताना त्यानं मला जवळ बलावलं. म्हनला, दोन बाटल्या मिळतील. यक लॅबात दे, खुर्शी तिचं तिथनं घील. दुसरी अम्माला नेऊन दे. कुनालाच न्हाई म्हनाया लागू नये."

मी म्हटलं, मी फोनवर तुला सांगितलं होतं.

"व्हय. पर त्ये भाईनं सांगितलं व्हतं."

मी टाकीचं झाकण लावलं. मग मी विचारलं की हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस, त्या कॉरिडॉरमध्ये, मी तुला तसं बोलले तेव्हा. म्हणाला, भाई शुद्धीवर आला की तोच सांगेल असं वाटलं. आणि चार-पाच दिवसांनी भाईनंच त्याला बोलावून शपथ घातली. एक्स-रेचं पाकीट दाखवलं. "म्हनला, तिनं मला लई नीट समजावलंय रं. तिला कळू दिऊ नगं."

मी त्याला बसायला खुर्ची दिली. मग मीच फरशीवर बसले, तो खुर्ची सोडून माझ्याशेजारी खाली बसला. मी त्याला काय काय बोलले होते ते सगळं परत घेते असं म्हणायचं होतं, ते राहूनच गेलं. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याचा हात अगदी भाईसारखा आहे, हे मला आजच दिसलं.

कळलं का, असंही विचारलं होतं मी भाईला. आणि तो व्हय म्हणाला होता. खाली रेघ मारून दाखवली होती मी. ते कळल्यावर तो पाच महिने जगला, दर वेळी दाढी करून इथं आला आणि दंड पुढं केला. त्याला ठाऊक होतं त्यात काही नाही. मला एकटीला ठाऊक नव्हतं.

मुजफ्फर गेल्यावर प्रशिकला म्हटलं, नायट्रोजनचा छोटा डबा स्वच्छ करून ठेव, उद्या भोरला जायचंय. टाकीत भाईच्या दोन कुप्या आहेत. एक अम्माला देते.